गोल अक्षराचे कानमंत्र

तू आता स्वतःच्या नावावर कामं घ्यायला लागलीस, फार छान झालं. डेअरीची पिशवी, दातांच्या दवाखान्याची पाटी, बालवाडीचं माहितीपत्रक, बचत गटाच्या लोणच्याचं लेबल, मंडळाचा अहवाल अशी सगळी कामं एकदम अंगावर येतील. अशा वेळी हाताशी एक भरवशाचं अक्षर असावं लागतं. मला विचारशील तर मी गोल टोकांच्या, साध्या अंगाच्या अक्षराचं नाव घेईन. आपल्या धंद्यात त्याला राउंडेड सॅन्स म्हणतात. पुष्कळ जण त्याला खाऊच्या पुड्यांपुरतं अक्षर समजतात आणि बाजूला ठेवतात. माझा अनुभव वेगळा आहे. पाटीपासून फॉर्मपर्यंत आणि कापडापासून मोबाइलपर्यंत इतक्या ठिकाणी निभावून नेणारं दुसरं घराणं मला क्वचितच भेटलं. मात्र ते सैल हाताने वापरलं की लगेच गबाळं दिसतं. त्याला शिस्त लागते, आणि या धंद्यात केस पांढरे करताना ती जशी उमगली तशी तुला लिहून देते आहे.

१. गोलाई आली कुठून, ते आधी समजून घे

गोल टोक हा मुळात अवजाराचा स्वभाव आहे. कॉम्प्युटर येण्याआधी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन रॉट्रिंगच्या पेनाने स्टेन्सिलवरून अक्षरं काढायचे. त्या पेनाची निब म्हणजे बारीक गोल नळी. ती कुठेही वळवली तरी रेघेची जाडी तीच राहते आणि रेघ संपते तिथे अर्धगोल उमटतो. नावाची पितळी पाटी कोरणाऱ्या मशिनची सुई गोल फिरते, म्हणून त्या खाचेचं टोकही गोल. निऑनची काचेची नळी तर टोकदार वळूच शकत नाही. आपली देवनागरी ज्या बोरूने घडली त्याचं टोक तिरकं छाटलेलं असतं, म्हणून तिच्यात जाड-बारीक रेषा आल्या. गोल अक्षराची वंशावळ वेगळी, पण तीही हातातल्या अवजारातूनच आली आहे.

छापाच्या जगात या घराण्याचं ठळक नाव म्हणजे व्हीएजी राउंडेड. ते १९७९ मध्ये फोक्सवॅगन समूहासाठी घडवलं गेलं. म्हणजे गाड्या विकणाऱ्या, यंत्रांशी नातं असलेल्या धंद्याचं हे अक्षर. पुढे ॲपलच्या लॅपटॉपच्या कळांवर ते बरीच वर्षं होतं. २०१५ पासून त्याची जागा सॅन फ्रान्सिस्को या त्यांच्या स्वतःच्या अक्षराने घेतली. जपानमध्ये तर सरकारी रेल्वेच्या स्थानकांच्या पाट्या गोल टोकांच्या अक्षरात असायच्या. गाडी, कळफलक, रेल्वे या तिन्ही जागा गंभीर कामाच्या आहेत. ‘हे लहान मुलांचं अक्षर’ असं गिऱ्हाईक म्हणालं की त्याला ही उदाहरणं सांग.

२. फॉन्ट निवडण्याआधी एक अक्षर पडदाभर मोठं करून पाहा

यादीतल्या नमुन्यावरून फॉन्ट निवडू नकोस. ‘क’ घे, पडदाभर मोठा कर आणि शांतपणे बघ. गोल अक्षरांत दोन जाती आहेत. एकीत रेघेचं टोक पूर्ण अर्धगोल असतं. व्हीएजी राउंडेड, नुनितो, व्हरेला राउंड ही त्या जातीची. दुसरीत टोक सपाटच असतं, फक्त कोपरे मऊ केलेले असतात. आपल्याकडचं बालू हे या दुसऱ्या जातीचं. पहिली जात लांबून जास्त गोड दिसते, दुसरी जास्त ठाम. दवाखान्याला आणि बँकेला दुसरी शोभते, बेकरीला पहिली.

मग ‘क’च्या दोन्ही पोटांतली पांढरी जागा बघ. ठळक वजनातही ती मोकळी राहते का? दांड्याला गाठ जिथे मिळते तिथे काळं साचतं का? चांगल्या कारागिराने तिथे रेघ किंचित बारीक केलेली असते. दांड्याचं खालचं टोक बघ. गोल टोक डोळ्याला आखूड भासतं, म्हणून जाणकार ते रेषेच्या केसभर खाली उतरवतात. या तीन जागी कष्ट दिसले, तर बाकीचा फॉन्टही मनापासून केलेला असतो.

३. बालू नीट ओळखून घे

मराठीत काम करणाऱ्याने या घराण्यातला बालू हाताशी ठेवावाच. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटाने तो केला. आधी तो एकाच, जाडजूड वजनात आला. पुढे बालू २ मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजनं मिळाली आणि तो खऱ्या अर्थाने सगळीकडे चालणारा झाला. त्याची मोठी ताकद म्हणजे भावंडं. गुजरातीसाठी बालू भाई, बंगालीसाठी बालू दा, गुरुमुखीसाठी बालू पाजी, तमिळसाठी बालू थंबी, मल्याळमसाठी बालू चेट्टन, उर्दूसाठी बालू भाईजान. कन्नड, तेलुगू आणि ओडियाचीही वेगळी भावंडं आहेत. सगळ्यांचं अंगकाठीचं मोजमाप एकमेकांशी जुळवून केलेलं आहे.

याचा उपयोग कुठे होतो सांगते. सोलापूरच्या दुकानाची पाटी मराठी आणि कन्नडमध्ये हवी असते, नंदुरबारच्या व्यापाऱ्याला मराठीबरोबर गुजराती हवी असते. दोन लिपींसाठी दोन अनोळखी फॉन्ट जोडले की एक लिपी मालकिणीसारखी आणि दुसरी पाहुणीसारखी दिसते. इथे दोघी एका घरच्या दिसतात. शिवाय हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे. धंद्याच्या कामात, लोगोत, ॲपमध्ये मोफत वापरता येतो. फक्त फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही. परवान्याची फाइल वाचून कामाच्या फोल्डरमध्ये ठेवायची सवय मात्र प्रत्येक फॉन्टच्या बाबतीत लाव.

४. अवघड शब्द आधी दे, सोपे नंतर

‘कमल’ आणि ‘नमन’ कुठल्याही फॉन्टमध्ये छान दिसतात. परीक्षा घ्यायची ती ‘मूर्तींच्या’ या शब्दाने. त्यात ‘ती’च्या डोक्यावर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघंही एकत्र बसतात. ठळक गोल अक्षरात तिघांचा मिळून एक काळा ठिपका झाला, तर तो फॉन्ट मराठी मथळ्याला चालणार नाही, असं समज.

दुसरी परीक्षा जुळ्यांची. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा फटीवर आणि गाठीवर असतो. गोलाई आणि जाडी वाढली की पहिली ती फट बुजते. ‘घरधनी’ आणि ‘भ्रम’ लिहून चार हात लांबून वाच. तिसरी परीक्षा जोडाक्षरांची: शुद्ध, उद्दिष्ट, कर्तृत्व, चिठ्ठी, ज्ञानेश्वर. चौथी आपल्या खास मराठी खुणांची: वाऱ्यावर, ऱ्हस्व, ॲप, बँक, ऑफिस, बाळ. पाचवी आकड्यांची, कारण भावफलकावर १ आणि ९ किंवा ५ आणि ४ एकमेकांसारखे दिसले तर भांडण दुकानदाराशी होतं.

आकडे वेगळे तपासायचे, बाकीच्या परीक्षांचं मिळून मी एक वाक्य करून ठेवलं आहे, ते तू घे: ‘मूर्तींच्या दर्शनाला बँकेतले घरधनी भर वाऱ्यात शुद्ध मनाने निघाले.’ नवा फॉन्ट आला की हे वाक्य आधी मोठ्या आणि मग लहान आकारात छापून बघायचं. पडद्यावर बघून समाधान मानायचं नाही.

५. ‘ल’ आणि ‘श’ आपले आहेत का ते बघ

महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी अक्षरांची प्रमाण वळणं दिली आहेत. त्यात ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दांडा असतो, आपल्या ‘ल’ला दोन्ही बाजूंना पाकळ्या. गोल अक्षरात आपला पाकळीचा ‘ल’ विशेष खुलतो, कारण त्याची मूळ रचनाच वळणांची आहे.

पुष्कळ चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत ठेवलेली असतात, पण ती आपण मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवड, वेबसाइट असेल तर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहायला सांग, आणि मग अक्षर बदलतं का बघ. बदललं नाही तर अक्षरांच्या तक्त्यात, म्हणजे ग्लिफ पॅनलमध्ये, शोध. एक लक्षात ठेव: पूर्ण ‘ल’ मराठी आणि ‘कल्पना’मधला अर्धा ‘ल’ हिंदी असं मिश्रण राहू देऊ नकोस.

वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं फुटून पायमोडकी दिसली, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू कर, इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिपींचे पर्याय चालू कर, मग सगळं जागेवर येतं.

६. शिरोरेषा तोडू नकोस

इंग्रजी मथळ्यात अक्षरं जरा सुटी केली की हवेशीर वाटतात. ते बघून मराठीतही ट्रॅकिंग वाढवायचा मोह होतो. तो टाळ. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्दाचा कणाच मोडतो. मराठीसाठी ट्रॅकिंग शून्य. हवा खेळती हवी असेल तर शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढव.

गोल फॉन्टमध्ये शिरोरेषेचा आणखी एक पेच आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा टोकाला गोल ठेवली तर दोन अक्षरांच्या सांध्यावर खाच दिसते. म्हणून अक्षरकार शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींत थोड्या घुसवतात. साध्या काळ्या छपाईत हे कळतही नाही. पण तू अक्षराला बाह्यरेषा दिलीस किंवा रंग पारदर्शक केलास, की प्रत्येक सांध्यावर आडवी-उभी रेघ किंवा गडद डाग उमटतो. यावर उपाय सोपा आहे. शब्दाचं लेखन पक्कं तपासून झाल्यावर त्याचे आउटलाइन्स कर, सगळे आकार युनाइट करून एकसंध कर, आणि मगच रेघ किंवा पारदर्शकता दे. मूळ, दुरुस्त करता येणारी प्रत वेगळी ठेव. गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी नावातली वेलांटी बदलायला सांगतं, हे गृहीत धरूनच चाल.

७. वजन जागेप्रमाणे ठरव

पाच वजनं मिळाली म्हणून पाचही एका पानावर आणायची नाहीत. दोन पुरतात, आणि त्यांच्यात फरक स्पष्ट दिसला पाहिजे. रेग्युलरशेजारी मीडियम ठेवलं तर वाचणाऱ्याला छपाईतली चूक वाटते. रेग्युलरशेजारी बोल्ड ठेव, म्हणजे हेतू कळतो.

गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर डोळ्याला फुगून दिसतं. दिव्याच्या पाटीवर तर प्रकाश चारी बाजूंनी सांडतो. अशा ठिकाणी एक वजन हलकं घे, नाहीतर ‘भ’ची फट तिथेही बुजेल. उलट, बारीक आकारात गोल टोकं डोळ्याला दिसेनाशी होतात आणि अक्षर फक्त थोडं लहान आणि फिकट वाटतं. म्हणून लेबलच्या पाठीमागचा मजकूर दहा पॉइंटला ठरला असेल तर साडेदहा किंवा अकरा करून बघ. घटक, वजन, तारीख या गोष्टी आजीलाही चष्म्याशिवाय वाचता याव्यात, एवढं पथ्य पाळ.

८. वरची-खालची जागा सोड

देवनागरीच्या डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार असतात, म्हणून आपल्या फॉन्टची ओळ मुळातच उंच असते. बालू २ मध्ये ही उंची भरपूर राखलेली आहे. त्यामुळे मोबाइलच्या बटणात शब्द टाकला की तो वर किंवा खाली सरकल्यासारखा दिसतो. यंत्राने दाखवलेल्या मध्यावर विसंबू नकोस. शिरोरेषा आणि दांड्याचं टोक यांच्यामधलं अंतर मोज आणि त्याचा मध्य बटणाच्या मध्यावर आण. मग ‘पुढे’ आणि ‘रद्द करा’ ही दोन बटणं एका ओळीत दिसतील.

मथळा दोन ओळींचा असेल तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकींना भिडतात का ते बघ. ‘गुरुपौर्णिमा’ वर आणि ‘कीर्तन’ खाली आलं की नेमकं हेच होतं. कधी ओळी तोडायची जागा बदलली तरी काम होतं.

९. जोडी साध्या अक्षराशी लाव

गोल मथळ्याखाली गोलच मजकूर पानभर लावला तर वाचणारा थकतो. मऊपणा मथळ्यात, उपशीर्षकात, आकड्यांत ठेव आणि सलग मजकूर साध्या अक्षरात लाव. एक टाइपचंच मुक्ता हे या कामाला उत्तम आहे. त्याची अंगकाठी स्वच्छ आहे, वजनं भरपूर आहेत. मजकूर लांब आणि निवांत वाचायचा असेल, म्हणजे स्मरणिकेतला लेख किंवा कथा, तर टिरो देवनागरी मराठी बघ. त्यात जाड-बारीक रेषेचा जुना छापील बाज आहे आणि मराठी वळणांसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती केलेली आहे. वर गोल मथळा आणि खाली हा मजकूर, ही जोडी मला फार आवडते.

१०. अक्षर शेवटी कशावर उमटणार, ते विचार

गोल अक्षराची खरी कमाई कारखान्यात कळते. गाडीच्या काचेवरचं व्हिनाइल सगळ्यात आधी टोकदार कोपऱ्यातून सुटतं. कोपरा गोल असेल तर ते जास्त टिकतं. ॲक्रिलिकची अक्षरं कापणारा राउटर आतला कोपरा नाहीतरी गोलच करणार, मग तो आधीपासून फॉन्टमध्येच गोल असलेला बरा, सगळीकडे सारखा दिसतो. शाळेच्या गणवेशावरच्या भरतकामात दोऱ्याला काटकोन जमत नाही, गोल वळण जमतं. रबरी शिक्क्यात शाई टोकाशी पसरते, तिथेही गोल टोक पसरलेलं वाटत नाही.

म्हणून काम घेताना पहिला प्रश्न विचार, ‘हे कशावर छापणार, कोण कापणार?’ आणि कापणाऱ्या माणसाला एकदा भेट. किती बारीक फट त्याच्या मशिनला झेपते, हे तो तुला एका वाक्यात सांगेल. ‘घ’ची फट त्याहून बारीक असेल तर आकार वाढव किंवा वजन कमी कर.

११. लोगोसाठी फॉन्ट हा कच्चा माल समज

दुकानाचं नाव फॉन्टमध्ये टाइप केलं आणि रंग दिला, की लोगो झाला असं मानू नकोस. तोच फॉन्ट शेजारच्या दुकानालाही मोफत मिळतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं कशी रेखाटली ते काढून बघ. नाटकाचा पिंड ओळखून त्यांनी प्रत्येक नावाला वेगळं अक्षर दिलं, आणि वर्तमानपत्रातल्या छोट्याशा जाहिरातीतही ते नाव लांबून ओळखू यायचं. तेवढं नाही, तरी एखादी वेलांटी लांबव, उकाराला वेगळं वळण दे, दोन अक्षरांची गाठ हाताने जुळव. खुला परवाना तुला ही मोकळीक देतो. बदल एकाच जागी आणि नावाच्या अर्थाला धरून कर.

१२. जिथे नको, तिथे हात आखडता घे

श्रद्धांजलीचं कार्ड, कायदेशीर नोटीस, कराराचा मसुदा, संशोधनाचा ग्रंथ, इथे गोल अक्षर आणू नकोस. तिथे वाचणाऱ्याची मनःस्थिती वेगळी असते आणि मऊपणा त्याला खटकतो. पण सरकारी योजनेचं माहितीपत्रक, लसीकरणाची सूचना, बँकेत पैसे काढायचा फॉर्म, ज्येष्ठ नागरिकांचं ॲप, इथे ते जरूर सुचव. ज्या कागदाला लोक बिचकतात त्यावर रेग्युलर वजनाचं, नीट अंतर राखलेलं गोल अक्षर आलं की कागद जवळचा वाटतो. या घराण्याकडून इतकं मोठं काम अजून फार कमी लोकांनी करून घेतलं आहे.

शेवटचं सांगते. काम करताना कुठे मात्रा आदळली, कुठे जोडाक्षर फुटलं, कुठे ‘ऱ्या’ विचित्र दिसला, तर चरफडून फॉन्ट बदलू नकोस. त्या शब्दाचा नमुना काढ, काय हवं होतं ते दोन ओळींत लिही आणि करणाऱ्यांना पाठव. खुल्या फॉन्टचे कारागीर अशा सूचना मागतात आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्याही करतात. मराठीत रोज काम करणाऱ्यांनी आपल्या अडचणी सांगितल्या नाहीत, तर मराठी अक्षर सुधारणार कसं? फुकट मिळालेल्या चांगल्या अक्षराची एवढी परतफेड तू नक्की कर.